अभ्यासक्रमातला सोमवार

आमच्या बाईंच्या घरी खुर्च्या दोन आणि बाक एक. बाक म्हणजे शाळेतला खराखुरा बाक, उतरत्या फळीचा, त्या फळीवर कुणीतरी कर्कटकाने 'सुनीता' असं कोरलेलं. महापालिकेची एक शाळा बंद पडली तेव्हा बाईंनी तो लिलावात घेतला आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे लोक सोफा ठेवतात तिथे ठेवला. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्याने त्या बाकावर बसायचं. मग तो पन्नाशीचा असो, मुख्याध्यापक असो, त्याचे गुडघे फळीला अडकत असोत. "तिसरीच्या पोरांसाठी अभ्यासक्रम लिहायला निघालात ना? मग ती कशावर बसतात ते गुडघ्यांना कळू द्या," असं त्या म्हणत. एक खुर्ची त्यांची आणि दुसरी पाहुण्यांसाठी. मी साडेचार वर्षं बाकावर काढली. आता मला खुर्ची मिळते. ही बढती कशी झाली ते सांगतो.

मी मूळचा यवतमाळकडचा. बी.एड.साठी पुण्यात आलो आणि वाघोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शाळा एकटी नव्हे, सहा शाखांची साखळी. प्रत्येक शाखेच्या नावात 'इंटरनॅशनल' आणि प्रत्येक शाखेच्या दारात पाण्याचा टँकर. आमच्या संचालकांनी एक दिवस जाहीर केलं की येत्या पाच वर्षांत सहाही शाखांसाठी एक 'करिक्युलम हेड' नेमायचा आहे. कोणत्या वर्गाला काय शिकवायचं, कोणत्या आठवड्यात, कशा पद्धतीने, हे सगळं तो ठरवणार. त्याला स्वतंत्र केबिन, केबिनला एसी, आणि तास एकही नाही. अट फक्त एक, शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट. माहितीपत्रकात नावामागे 'डॉ.' असलं की पालकांना बरं वाटतं, असं संचालक मोकळेपणी म्हणाले. मला वर्गावरून सुटका हवी होती. अगदीच खोटं नको बोलायला, अभ्यासक्रमात काहीतरी सुधारायचंही होतं. काय, ते आता आठवत नाही.

बाई शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात शिकवत. अंगाने काटक, नेसायला सुती साडी, कानावर पेन्सिल. फोन आला की लोक 'हॅलो' म्हणतात, बाई 'का?' म्हणत. पुण्यातल्या इतर घरांवर असतात तशा सूचनांच्या पाट्या त्यांच्या दारावर नव्हत्या, कारण सूचना त्या तोंडीच देत. चहा अर्धा कप. "पूर्ण कप पाहुण्याला. तुमचा उरलेला अर्धा प्रकरण संपल्यावर." माझी सगळी प्रकरणं संपली, पण तो अर्धा कप काही आला नाही.

विद्यार्थ्यांना त्या 'मास्तर' म्हणत. बाईमाणसालाही मास्तरच. एकदा कुणा विद्यार्थिनीने नाजूक तक्रार केली, तर म्हणाल्या, "मास्तरीण ही मास्तरची बायको. तुम्ही स्वतः शिकवता ना? मग मास्तर." कुणाला मास्तर म्हणायचं आणि कुणाला नाही याचा त्यांच्या मनात पक्का हिशेब होता. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना त्या 'प्रोफेसर' म्हणत, आणि ते ज्या सुरात म्हणत तो ऐकल्यावर कुणालाही प्रोफेसर व्हावंसं वाटलं नसतं.

शब्दांच्या बाबतीत तर फारच वाईट खोड. मी पहिल्या आराखड्यात 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असं लिहिलं होतं. त्यावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, "कुठलं अंग राहिलंय?" पुढे 'भागधारक' असा शब्द होता. "पोरांनी शाळेचे शेअर घेतलेत का?" एकदा बोलण्याच्या ओघात 'का' ऐवजी माझ्या तोंडून आमच्याकडचं 'काहून' गेलं. शहरात इतकी वर्षं काढून तो शब्द मी मोठ्या कष्टाने गिळत आलो होतो, त्यामुळे ओशाळलो. बाई मात्र खूश झाल्या. "हा बरा शब्द आहे. यात माणसाला खरंच जाणून घ्यायचंय असं वाटतं. तुमच्या प्रबंधात हा एकदाही आलेला नाही." तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानाच्या समासात 'काहून?' उमटू लागलं. एका पानावर अकरा वेळा होतं.

त्यांच्याबरोबर एका परिसंवादाला गेलो होतो. विषय आनंददायी शिक्षण. पाच वक्त्यांनी सकाळपासून पडद्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तशा बाई उठल्या. "यात आनंद नेमका कुणाला झाला, त्याने हात वर करावा." बाई खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "चला, जेवण चांगलं आहे असं ऐकलंय." त्यानंतर त्यांना अशा ठिकाणी बोलावणं कमी झालं, आणि गुरुवारी त्यांना वेळ मिळू लागला. दर गुरुवारी त्या पेठेतल्याच एका शाळेत तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसत आणि काय शिकवलं यापेक्षा पोरांना काय कळलं ते वहीत टिपून घेत. अशा चौदा-पंधरा वह्या त्यांच्या कपाटात होत्या. त्या छापा, असं मी सुचवलं. "यातून कुणाला बढती मिळणार नाही, मग वाचणार कोण?" असं म्हणून त्यांनी कपाट लावलं.

आता माझा पराक्रम. माझा विषय होता, शिक्षकांना सध्याचा अभ्यासक्रम कसा वाटतो. त्यासाठी प्रश्नावली करायची, शिक्षकांकडून भरून घ्यायची, आणि उत्तरांची सरासरी काढून काहीतरी म्हणायचं. चाळीस विधानं, प्रत्येकासमोर पाच चौकोन, 'पूर्णतः सहमत' पासून 'पूर्णतः असहमत' पर्यंत. मी मसुदा बाईंकडे दिला. त्यांनी आठवडाभराने पेन्सिलीच्या दुरुस्त्या करून परत दिला. बाईंची पेन्सिल म्हणजे ब्रह्मवाक्य, म्हणून मी बसलो आणि सगळं जसंच्या तसं टाइप केलं. सहाही शाखांत गठ्ठे पाठवले.

आमच्या शाखेत ते कसे भरले गेले ते मी डोळ्यांनी पाहिलं. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, डबे उघडलेले. एकाने फॉर्म भरला, शेजारच्याने त्याचा बघून भरला, तिसऱ्या बाईंनी विचारलं, "अहो, बारावं काय टाकलंत?" आणि कुणीतरी पोळीचा घास तोंडात धरून सांगितलं, "सगळीकडे पहिलाच चौकोन, संपवा." वर्गात नुसती मान वळली तरी पेपर काढून घेणारी ही माणसं. मीही त्यातलाच. मी हसलो आणि गठ्ठा उचलला. वेळेत मिळाला याचाच आनंद होता.

मग मी विश्लेषण केलं. कोष्टकं केली, स्तंभालेख काढले, चौथं प्रकरण लिहिलं, पाचव्यात शिफारशी लिहिल्या. संचालकांनी तोवर निरोप धाडला होता की जूनच्या आत डॉक्टरेट हातात असेल तर पद माझं, नाहीतर दुसऱ्या शाखेतल्या एका उमेदवाराचा प्रबंध तयार आहे. बायकोने दारावर लावायला 'डॉ.' अशी पाटी कुठे करून मिळते याची चौकशीही करून ठेवली होती.

बाईंचा नियम असा की प्रकरण विद्यार्थ्याने उभं राहून मोठ्याने वाचायचं. मी बाकातून बाहेर पडून उभा राहिलो आणि वाचू लागलो. वाचता वाचता आलं, "विधान क्रमांक सतरावरून असे दिसून येते की, अभ्यासक्रमातील सोमवार विद्यार्थ्यांच्या गरजांशी सुसंगत असल्याबाबत बहुसंख्य शिक्षक पूर्णतः सहमत आहेत."

"परत वाचा," बाई म्हणाल्या.

मी परत वाचलं. आवाजात जरा चढउतारही घातला.

"परत वाचा, मास्तर."

तिसऱ्यांदा वाचताना ते वाक्य मला ऐकू आलं. अभ्यासक्रमातला सोमवार म्हणजे काय? मी बाईंकडे पाहिलं.

"मी घातला तो," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रत्येकाच्या प्रश्नावलीत एक घालते. काहीजण दुसऱ्या दिवशी चिडून येतात, 'बाई, हे काय लिहिलंय?' मग मला बरं वाटतं. तुम्ही तो टाइप केलात, वाटलात, मोजलात, त्याचा आलेख काढलात. पाचव्या प्रकरणात काय म्हटलंय?"

पाचव्या प्रकरणात मी 'अभ्यासक्रमातील सोमवार अधिक बळकट करण्यात यावा' अशी शिफारस केली होती. ती वाचून दाखवायला लावू नये अशी मनोमन प्रार्थना केली. त्यांनी वाचायला लावली.

"बाई, तो प्रश्न काढून टाकतो," मी म्हणालो. "एकच तर आहे."

"काहून? सोमवारला सगळ्यांनी खूण केली, म्हणजे बाकीचे एकोणचाळीसही त्यांनी तसेच भरलेत. काढायचं तर सगळं काढा. नव्याने जा, एकेकाशी बोला, वर्ष-दीड वर्ष जाईल."

"जून आहे बाई. पद जाईल."

बाईंनी कानावरची पेन्सिल हातात घेतली. मग म्हणाल्या, "ठीक. आहे तसा द्या. मी आज सही करते. पण सोमवार आत राहील, आणि व्हायवाला तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हे विधान निरर्थक होतं, माझ्या लक्षात आलं नाही, आणि शिक्षकांच्याही आलं नाही. अभ्यासक्रमाबद्दल आम्हाला विचारलं की आम्ही असे न वाचता हो म्हणतो. मास्तर, या अख्ख्या गठ्ठ्यात खरा शोध एवढाच लागलाय. हे एक वाक्य बोललात तर तुमचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटातल्या कुठल्याही प्रबंधाला भारी आहे. आणि त्यासाठी तुम्हाला कुणी नापास करणार असेल तर मी बसलेय तिथे."

मी नक्की सांगतो म्हणालो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळात प्रबंध बांधायला टाकला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. बांधणीवाले काका पानं जुळवताना चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, एक विचारू का? हे अभ्यासक्रमातला सोमवार म्हणजे काय असतं हो?" माझ्या साडेचार वर्षांत तो प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस, दहावी नापास. "काका, पानांचे क्रमांक बघा," मी म्हणालो. काकांनी मान खाली घातली आणि निमूटपणे क्रमांक बघितले.

व्हायवाला बाहेरगावचे परीक्षक आले. सकाळच्या गाडीने आले होते आणि दगडूशेठचं दर्शन घेऊन दुपारच्या गाडीने परत जायचं होतं. त्यांनी प्रबंध मधोमध उघडला आणि, काय योग बघा, बोट नेमकं सतराव्या विधानावर पडलं. "हा सोमवारचा मुद्दा वेगळा वाटतो. जरा विस्ताराने सांगा."

बाई समोर बसल्या होत्या. कानावर पेन्सिल, दोन्ही हात मांडीवर. मला आयुष्यात कुणी इतकं सोपं करून दिलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, शपथेवर सांगतो. पण मागच्या रांगेत संचालकांनी पाठवलेला माणूस पुष्पगुच्छ घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी बायको, नवी साडी नेसून. मी म्हणालो, "सर, आठवड्याच्या प्रारंभी विद्यार्थ्याची जी मनोभूमिका असते..." पाच मिनिटं बोललो. इतकं छान मी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. परीक्षक मान डोलावत होते. "मौलिक आहे," ते म्हणाले. "नव्या धोरणाशीही जुळतंय."

बाहेर आल्यावर मी बाईंच्या पाया पडायला वाकलो. त्या मागे सरकल्या नाहीत, आशीर्वादही दिला. "अभिनंदन, डॉक्टर," म्हणाल्या. साडेचार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच मास्तर सोडून दुसरं काही म्हटलं. बायकोला ते फार आवडलं. आठवडाभराने पेढे घेऊन घरी गेलो आणि सवयीने बाकाकडे वळलो तर बाई म्हणाल्या, "छे छे, डॉक्टर, खुर्चीत बसा." चहा पूर्ण कप आला. मला तो संपवता येईना.

त्यानंतर जाणं हळूहळू थांबलं. गुरुपौर्णिमेला फोन करायचो. पलीकडून 'का?' आणि मग, "बोला, डॉक्टर." बोलण्यासारखं फार नसायचं.

केबिन मिळाली, एसी मिळाला. आणि संचालकांनी माझा प्रबंध वाचला. म्हणजे त्यांच्या सेक्रेटरीने शेवटची दोन पानं वाचून त्यांना सांगितली. "डॉक्टरसाहेब, शिफारस आपलीच, अंमलबजावणीही आपणच करा," ते म्हणाले. अशा रीतीने सहाही शाखांत 'मिशन मंडे' सुरू झालं. दर सोमवारी सगळ्या शिक्षकांनी अर्धा तास आधी, म्हणजे साडेसातला यायचं. मी सभागृहात उभा राहून अभ्यासक्रमातला सोमवार कसा बळकट करावा यावर बोलतो, बाकीच्या शाखा पडद्यावर बघतात. हे तीन वर्षं चाललंय. लोक वहीत उतरवून घेतात. लांबून येणाऱ्या बाया पोरांना झोपेतून उचलून पाळणाघरात टाकून येतात, आणि माझ्या सोमवारबद्दल मुकाट्याने लिहून घेतात. एकानेही कधी हात वर केलेला नाही.

गेल्या महिन्यात संचालकांना अभिप्राय हवा होता. मी फॉर्म केला. आळसापोटी जुनंच विधान उचललं, सतरावं. गठ्ठे आले, सगळीकडे पहिला चौकोन. एका फॉर्मवर मात्र खूणच नव्हती. तिथे निळ्या पेनने लिहिलं होतं, "विधान कळलं नाही. सोमवार अभ्यासक्रमात कुठे आहे ते दाखवावं, मग सांगते." खाली नाव, सहीसकट. तिसरीच्या वर्गाची शिक्षिका, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेली, अजून कायम नाही.

संचालकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "निगेटिव्ह आहे ही. वार्षिक अहवालात लिहून टाका, पुढच्या वर्षी नको."

मी तिला केबिनमध्ये बोलावलं. घाबरली होती, पण फॉर्म बदलायला तयार नव्हती. "सर, मला खरंच तो क्वेश्चन कळला नाही. मी दोन दिवस विचार केला. आईलाही विचारलं. तिलाही नाही कळला." मग धीर करून म्हणाली, "सर, मला पुढे पीएच.डी. करायचीय. करिक्युलमकडेच जायचंय, तुमच्यासारखं."

तुमच्यासारखं म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहवालाचा कागद मी तसाच ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणालो, "शनिवारी वेळ आहे का? एका बाईंकडे जाऊ."

काल दुपारी आम्ही गेलो. बाई आता नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत, पण विद्यापीठाच्या यादीत मार्गदर्शक म्हणून अजून नाव आहे. केस पार पांढरे, पेन्सिल तिथेच. मी तो फॉर्म त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "बसा, मास्तर." ती बाकावर बसली. गुडघे अडकले नाहीत तिचे.

"पण बाई," ती म्हणाली, "हे वाक्य आलं कुठून? कुणाच्या डोक्यातलं आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हात मांडीवर ठेवून. आणि मी सांगितलं. प्रश्नावली, स्टाफरूम, आलेख, काका, व्हायवा, सगळं. विधान निरर्थक होतं, मला कळलं नाही, कळल्यावरही मी गप्प बसलो. सांगून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उठून बाकावर तिच्या शेजारी बसायला गेलो.

"अहो डॉक्टर, खुर्ची आहे ना तुमची," बाई म्हणाल्या.

मी थांबलो. "बाई, आता तर सांगितलं."

"आम्हा दोघींना सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं, आणि हिने शोधलंय. सोमवारी सांगा. सगळे येतात ना तुमच्याकडे, साडेसातला?"

मी खुर्चीत बसलो. चहा आला, तिला अर्धा, मला पूर्ण.

हे लिहितोय तो रविवार आहे. नोकरी जाईल असं वाटतंय. त्या मुलीची मात्र राहायला हवी, आणि तिने लिहिलेलं बरोबर होतं हे मी सांगितल्याशिवाय कुणी मान्य करणार नाही. उद्या काय बोलायचं ते एका कागदावर उतरवलं आहे. भाषण नाही, एकच वाक्य आहे, व्हायवाला गिळलेलं तेच जुनं. ते लिहून झाल्यावर मी टेबलापासून उठलो आणि बाईंच्या नियमाप्रमाणे उभा राहून मोठ्याने वाचलं.

आतून बायको म्हणाली, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. परत वाचा."

मी परत वाचलं.